बंगालवरच्या मराठा स्वाऱ्या : तिकडे घरोघरी आठवण, आपल्याकडे एक ओळ. असं का?

सायली_ना

मी मूळची नागपूरची, नोकरीमुळे सध्या कोलकात्यात. ऑफिसातल्या बर्धमानच्या मैत्रिणीचं बाळ बघायला गेले होते. तिच्या सासूबाई बाळाला थोपटत एक अंगाई म्हणत होत्या. बाळ झोपलं, आळी निवांत झाली, बर्गी देशात आले, बुलबुलांनी धान खाल्लं, आता सारा कसा भरू, असा काहीसा अर्थ. बर्गी कोण म्हणून विचारलं तर मैत्रीण जरा चाचरली. मग म्हणाली, "तुमचेच लोक. नागपूरचे."

मला काय बोलावं ते सुचेना. शाळेत "रघुजी भोसल्यांनी बंगालपर्यंत चौथाई बसवली" एवढं एक वाक्य वाचल्याचं आठवतं, तेही कौतुकाचं. आमच्या महाल भागात रघुजीराजांच्या वाड्याच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले, पण हे कुणी सांगितलं नाही. नक्की काय झालं होतं? पावणेतीनशे वर्षं आठवण राहावी इतकं? आणि त्याचे परिणाम आज कुठे दिसतात का? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

खरगपूरकर

सायलीताई, मैत्रिणीनं सांगितलं ते खरं आहे. माझी सगळी नोकरी दक्षिण पूर्व रेल्वेत खरगपूरला गेली आणि मीही विदर्भातलाच, त्यामुळे हा विषय मला कधी सुटला नाही. जमेल तसं लिहितो.

सुरुवात बंगालच्या घरच्या भांडणातून झाली. १७४० मध्ये अलिवर्दी खानानं गिरियाच्या लढाईत नवाब सरफराज खानाला मारून मुर्शिदाबादची गादी घेतली. ओडिशाचा नायब सरफराजचा नातलग होता, त्याला हे मान्य नव्हतं. अलिवर्दीनं त्याचाही पाडाव केला. त्या नायबाच्या पदरी मीर हबीब नावाचा इराणी कारभारी होता. तो नागपूरला आला, रघुजीराजांना भेटला. पूर्वेकडच्या चौथाईवर रघुजींचा डोळा होताच, शाहू महाराजांकडून तो हक्क ते मागतच होते. आता बंगालची वाटन् वाट आणि तिजोरीन् तिजोरी माहीत असलेला माणूस दारात उभा राहिला.

१७४२ च्या वसंतात रघुजींचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर रामगडच्या डोंगरातून पंचकोटात उतरले. आज आद्र्याच्या आसपास आमची गाडी जाते तोच हा मुलूख. तिथून बर्धमान. अलिवर्दी ओडिशातून परतत होता, फौज थकलेली, थोडी. भास्करपंतांनी त्याला बर्धमानला घेरलं, रसद तोडली. आधी दहा लाखांवर परत जायची तयारी होती, नवाब पुरता अडकलाय असं दिसल्यावर मागणी एक कोटीवर गेली. अलिवर्दीनं ती मानली नाही, उपाशी फौजेनिशी लढत लढत तो कटव्याला पोचला.

इथे भास्करपंतांना पावसाआधी परत फिरायचं होतं. मीर हबीबनं त्यांना थांबवलं. थोडे निवडक स्वार घेऊन तो थेट मुर्शिदाबादवर गेला आणि जगतशेठांची पेढी लुटून आला. एवढी रोकड हाती आल्यावर कोण परत जातं? कटव्याला छावणी पडली, हुगळीचं ठाणं घेतलं आणि राजमहालपासून मेदिनीपूरपर्यंत भागीरथीच्या, म्हणजे गंगेच्या बंगालमधल्या फाट्याच्या, पश्चिमेचा सगळा मुलूख मराठ्यांच्या हाती आला. पूर्वेला नदी होती म्हणून तो भाग बचावला. घोडदळाला नदी अडवते, आणि बंगालचं पुढचं सगळं या एका गोष्टीवर ठरलं.

त्या पावसाळ्यात पश्चिमेकडच्या गावांत काय झालं ते गंगाराम नावाच्या कवीनं लिहून ठेवलंय. त्याच्या काव्याचं नाव 'महाराष्ट्र पुराण', हस्तलिखित १७५१ चं. आपल्या राज्याचं नाव असलेलं ते पुराण आपल्यापैकी किती जणांनी वाचलंय? पळणाऱ्या लोकांचं त्यातलं वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. पंडित पोथ्यांची गाठोडी घेऊन पळतायत, सोनार तराजू-वजनं घेऊन, कुंभार चाक घेऊन, कोळी जाळी घेऊन, शंखाच्या बांगड्या करणारे करवती घेऊन. जो तो पोट भरायचं साधन तेवढं उचलून निघालाय. कधी उंबरा न ओलांडलेल्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चालतायत, गरोदर बाया रस्त्यात बाळंत होतायत. कुणीतरी विचारतं, बर्गी पाहिलेत का? उत्तर येतं, डोळ्यांनी पाहिले नाहीत, लोक पळतायत म्हणून आम्हीही पळतोय. आणि मग बर्गी खरोखर येतात, रुपये द्या म्हणतात. ज्याच्याकडे नाहीत त्याचं काय होतं आणि बायकांचं काय होतं ते मी इथे लिहीत नाही, त्यानं स्पष्ट लिहिलंय.

या काव्यात आणखी एक गोष्ट आहे. गंगाराम मराठ्यांचा जन्मवैरी नव्हता. त्याच्या कथेत पाप वाढलं म्हणून शंकरच नंदीला पाठवतो आणि शाहू राजाकडून मराठ्यांची स्वारी घडवून आणतो, म्हणजे आरंभी देव आपल्या बाजूला आहेत. पुढे ब्राह्मण, वैष्णव आणि बायकांवरचे हाल बघून खुद्द दुर्गा भास्करपंतांवर उलटते. ज्या दुर्गेची पूजा भास्करपंतांनी कटव्याजवळ दाँईहाटला थाटात मांडली होती, तीच. सप्टेंबर १७४२ च्या अखेरीस पूजा ऐन भरात असताना अलिवर्दीची फौज होड्यांच्या पुलावरून रातोरात नदी ओलांडून आली आणि छावणी उधळली गेली. लोकांनी त्यात देवीचा कौल पाहिला.

पुढचं थोडक्यात सांगतो. १७४३ मध्ये रघुजीराजे स्वतः आले. त्याच वेळी बादशहाच्या सांगण्यावरून नानासाहेब पेशवेही बंगालमध्ये शिरले, नवाबाच्या मदतीला. नवाबानं पेशव्यांना बावीस लाख दिले, शाहू महाराजांना चौथाई कबूल केली आणि पेशव्यांनी रघुजींना हाकललं. वर्षअखेर यायच्या आत साताऱ्याला समेट झाला, त्यात बंगाल-ओडिशा रघुजींच्या वाट्याला गेले आणि १७४४ मध्ये भास्करपंत पुन्हा बंगालात हजर! बावीस लाख मोजून नवाबाच्या हाती काहीच लागलं नाही. ३१ मार्च १७४४ ला मानकरा या गावी तहाच्या बोलणीसाठी बोलावून त्यानं भास्करपंत आणि त्यांच्या सरदारांना तंबूत कापून काढलं. छावणीत मागे राहिलेले रघुजी गायकवाड तेवढे फौज घेऊन निसटले. हा दगाच होता, पण तो कुठून आला हेही बघायला हवं. त्यानंतर रघुजी सूड घ्यायला आले, ओडिशा घेतला आणि मारामारी १७५१ पर्यंत चालली. शेवटी तह झाला. वर्षाला बारा लाख चौथाई, ओडिशा व्यवहारात नागपूरकरांचा आणि हद्द सुवर्णरेखा नदी.

आता परिणाम, म्हणजे तुमचा खरा प्रश्न. त्यासाठी त्या अंगाईच्या पुढच्या ओळी विचारा सासूबाईंना. धान संपलं, पान संपलं, सारा कुठून देऊ? आणखी थोडे दिवस सबूर करा, लसूण पेरलाय. मी या ओळी खरगपूरला शेजारच्या आजींकडून ऐकल्या आणि माझ्या मते सगळा इतिहास त्या लसणात आहे. गाण्यात तलवार नाही, रक्त नाही. वसुलीला आलेल्या माणसाला बाई मुदत मागते आहे. हे युद्ध राज्य करायला नव्हतं, वसुलीला होतं. मराठ्यांनी पश्चिम बंगालमध्ये ना ठाणी नीट बसवली ना कारभार घालून दिला. यायचं, न्यायचं, पुढच्या हंगामात पुन्हा यायचं. आणि नवाबानं काय केलं? लढाईचा आणि चौथाईचा खर्च जमीनदारांवर नवी पट्टी बसवून काढला, तिचं नावच 'चौथ मराठा'. जमीनदारानं ती रयतेकडून उकळली. ज्या शेतात मराठ्यांची घोडी चरली त्याच शेतकऱ्यानं मराठ्यांच्या नावाची पट्टी भरली. मग गाण्यात बर्गी आणि सारा एका श्वासात का येतात ते उघड आहे.

दुसरा परिणाम तुम्ही राहता ते शहर. पश्चिमेकडचे विणकर, व्यापारी, सावकार नदी ओलांडून पळाले. काही उत्तरेला वरेंद्रात गेले, बरेच कलकत्त्यात इंग्रजांच्या आसऱ्याला आले. मराठे कलकत्त्यापर्यंत कधी आलेच नाहीत, पण धास्ती इतकी की लोकांनी स्वतःच्या खर्चानं शहराभोवती खंदक खणायला घेतला. ठरला होता सुमारे सात मैलांचा, तीनेक मैल खणून झाल्यावर धोका टळला म्हणून थांबला. तोच मराठा डिच. १७९९ मध्ये त्याचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड काढला. आज आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवरून तुम्ही जात असाल तर त्या खंदकाच्या मार्गावरूनच जाता. बागबाजारला मराठा डिच लेन अजून आहे.

प्लासी मराठ्यांमुळे झाली असं मी म्हणणार नाही, ते फार सोपं होईल. पण नवाबाची तिजोरी आणि फौज दहा वर्षं झिजली, त्याचे अफगाण सरदार याच धामधुमीत फितूर झाले आणि पैसेवाल्या माणसाला सुरक्षित जागा म्हणजे कंपनीची वखार असं वाटू लागलं. १७५६ मध्ये अलिवर्दी गेला, पुढच्याच वर्षी प्लासी.

गडवाट

काकांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण एकांगी वाटला. चौथाईचा हक्क मराठ्यांनी हवेतून आणला नव्हता, तो त्या काळच्या व्यवस्थेचा भाग होता. प्रत्येक फौज मुलूख लुटत होती. अब्दालीनं मथुरेत काय केलं? बरं, लिहिणारे कोण, तर नवाबाच्या आश्रयाखालचे फारसी लेखक आणि नंतर इंग्रज. इंग्रजांना तर मराठ्यांना लुटारू ठरवायचंच होतं, म्हणजे आपण तारणहार. डच व्यापाऱ्यांचा तो चार लाख मेल्याचा आकडा सगळीकडे फिरतो, तो कुणी मोजला होता? आपल्याच माणसांची बदनामी आपण का करायची?

खरगपूरकर

गडवाट, तुमचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. चार लाख हा वखारीत बसून केलेला अंदाज आहे. तो तपासता येत नाही म्हणूनच मी लिहिला नाही.

बाकी मात्र पटत नाही. गंगाराम ना नवाबाचा नोकर होता ना इंग्रजांचा. तो गावाकडचा बंगाली हिंदू कवी, आणि त्याचं हस्तलिखित प्लासीच्या सहा वर्षं आधीचं. त्याच्याही आधी, १७४४ मध्ये, बर्धमानच्या राजाचे पंडित बाणेश्वर विद्यालंकार यांनी 'चित्रचंपू' हे संस्कृत काव्य लिहिलं. शाहू राजाचे सैनिक गरोदर बायका, तान्ही मुलं, ब्राह्मण, गरीब कुणालाच सोडत नाहीत असं त्यात आहे. तेव्हा इंग्रज बंगालमध्ये नवाबाच्या परवानगीनं व्यापार करत होते, इतिहास लिहीत नव्हते. बिष्णुपूरला तर मदनमोहनानं, म्हणजे मंदिरातल्या कृष्णमूर्तीनं, स्वतः तोफ डागून बर्ग्यांना पळवलं अशी कथा आहे. दलमादल तोफ अजून तिथे ठेवलेली आहे. एका हिंदू राजाच्या गावात देवाला आपल्याविरुद्ध तोफ डागावी लागली. ही कथा इंग्रजांनी रचलेली नाही.

आणि बदनामीचं म्हणाल तर शिवाजी महाराजांच्या पत्रात रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नका अशी सक्त ताकीद आहे. ते वाक्य आपण भाषणांतून ऐकतो आणि डोळे भरून येतात. ती ताकीद आपली, मग सत्तर वर्षांनी आपल्याच फौजेनं ती बंगालमध्ये कशी पायदळी तुडवली हेही आपलंच. दोन्ही एकाच मुलानं एकाच वर्षी शिकावं असं मला फार मनापासून वाटतं. अब्दालीनं मथुरेत जे केलं त्याचा मला संताप येतो, म्हणून तर बर्धमानचं वाचताना मला नजर वळवता येत नाही.

महानदीकाठी

ओडिशाची बाजू राहून गेली म्हणून लिहिते. मी बरीच वर्षं कटकला आहे.

बंगालमध्ये मराठे येऊन गेले, ओडिशात राहिले. १७५१ च्या तहापासून १८०३ पर्यंत, म्हणजे अर्ध शतक. त्यामुळे इथली आठवण वेगळी आहे, मिसळीची आहे. पुरीच्या सिंहद्वारासमोरचा तो उंच, सोळा बाजूंचा काळा अरुणस्तंभ तुम्ही पाहिला असेल. तो मूळचा कोणार्कच्या सूर्यमंदिरासमोरचा, मराठ्यांच्या काळात पुरीला आणून उभा केला. जगन्नाथाच्या सेवापूजेची व्यवस्था मराठ्यांनी नीट लावून दिली आणि हे इथले लोक आवर्जून सांगतात. त्याचबरोबर यात्रेकरूंवर कर होता, तोही जाचक. पुढे इंग्रजांनीही तो वसूल केला. तो १८४० मध्ये उठला. गडजातच्या, म्हणजे डोंगराळ भागातल्या छोट्या संस्थानांच्या, राजांकडून खंडणी मिळवायला दरवेळी फौज न्यावी लागायची, ती जाताना वाटेतली गावं ओरबाडायची. शिवभट साठ्यांसारखे सुभेदार इथे होऊन गेले, पण नागपूर फार लांब, नजर वसुलीवर, म्हणून कारभार माणसागणिक बदलायचा.

मला सगळ्यात मोठा परिणाम वाटतो तो सुवर्णरेखेच्या हद्दीचा. नदीपलीकडचं मेदिनीपूर १७६० मध्ये कंपनीकडे गेलं, अलीकडचा भाग नागपूरकरांकडे राहिला. ओडिया बोलणारे लोक दोन राज्यांत विभागले गेले. १९३६ मध्ये वेगळा ओडिशा प्रांत होईपर्यंत इथल्या लोकांना आपली माणसं एका कारभाराखाली आणण्यासाठी झगडावं लागलं, त्या दुखण्याचं एक मूळ इथे आहे.

शिवाय नकाशा बघा. कंपनीचं एक टोक कलकत्ता, दुसरं मद्रास, मध्ये किनारा नागपूरकरांचा. त्यांची टपालसुद्धा मराठ्यांच्या परवानगीनं जायची. ही खुपणारी जागा कंपनीनं चाळीस वर्षं डोळ्यांत ठेवली. ऑक्टोबर १८०३ मध्ये बाराबाटी किल्ला पडला, डिसेंबरात देवगावच्या तहानं कटक आणि बालासोर गेलं. किल्ल्याचं मोडकं दार आणि खंदक अजून आहेत, शेजारी क्रिकेटचं स्टेडियम.

सायली_ना

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री मैत्रिणीला फोन करून लसणाची ओळ विचारली. तिला ती येत नव्हती, सासूबाईंना आली. त्या मला परत बोलवत आहेत. गडवाट, तुमचा राग मला समजतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. आता मात्र ती ठिकाणं बघायची आहेत. काका, एखाद-दोन रविवारांत काय बघता येईल? आणि बंगालमध्ये राहून गेलेली मराठी घराणी आहेत का?

खरगपूरकर

नक्की बघा. हावड्याहून कटवा लोकल पकडा, कटव्याच्या अलीकडचं स्टेशन दाँईहाट. भास्कर पंडिताची पूजा आमच्याकडची, असं गावात सांगतात. विचारलंत तर कुणीतरी जागेपर्यंत घेऊन येईल. तिथून कटव्याला जाऊन अजय आणि भागीरथीचा संगम बघा, पावसाळ्यात गेलात तर उत्तम. पाणी पाहिलं की पूर्वेचा बंगाल का वाचला ते लगेच समजतं. मानकरा बहरमपूरकडे आहे, पण त्यासाठी वेगळा दिवस काढा.

घराण्यांचं म्हणाल तर बर्धमान मेन लाइनवर खन्यान स्टेशनला उतरून इटाचुना राजबाडीला जा. ती कुंडू जमीनदारांची. आमचे पूर्वज बर्ग्यांबरोबर आलेले मराठे, इथेच राहिले आणि बंगाली झाले, असं ते घराणं सांगतं. वाड्याला गावात बर्गीडांगा म्हणतात. तुम्ही नागपूरच्या आहात हे तिथे जरूर सांगा.

बिष्णुपूरला खरगपूरहून आद्रा लाइनच्या गाडीनं जाता येतं. मदनमोहनाचं मंदिर १६९४ चं आहे, भाजलेल्या विटांवरचं कोरीवकाम बघत राहावं असं. मूळ मूर्ती मात्र तिथे नाही. मराठ्यांच्या धामधुमीनंतर बिष्णुपूरचं राज्य कर्जात बुडालं आणि राजा चैतन्यसिंहानं मदनमोहनच कलकत्त्याच्या गोकुल मित्रांकडे गहाण ठेवला. तो सोडवणं राजाला जमलं नाही. मूर्ती बागबाजारच्या मंदिरात आहे, मराठा डिच लेनपासून पायी जाण्याइतकी जवळ. ते दोन्ही एकाच सकाळी होईल.